सणाच्या गर्दीत शिरणारा चोर : तीन इंग्रजी चित्रपट आणि आपली पेढी



रमजानचे शेवटचे पंधरा दिवस म्हणजे कापडवाल्याच्या वर्षभराच्या कमाईचे दिवस. या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, फोन खाली ठेवता येत नाही, मुनीम एका हाताने बिल करतो आणि दुसऱ्या हाताने ताके मोजतो. २०२४ च्या रमजानात अशाच एका दुपारी आमच्या पेढीतून तीन लाख चाळीस हजार रुपये गेले. कुलूप तुटले नाही, गल्ला फुटला नाही, दुकानात कोणी परका माणूस आला नाही. ज्या सूत-व्यापाऱ्याकडून आम्ही वर्षानुवर्षे माल घेतो, त्याच्या नावाने एक ईमेल आला. बिल आमचेच, रक्कम बरोबर, सुताचा काउंटही बरोबर. खाली फक्त दोन ओळी जादा होत्या. आमच्या खात्याचे ऑडिट चालू आहे, तरी या वेळचे पेमेंट पुढील खात्यात करावे. चार वाजण्याच्या आत केल्यास गाडी आजच सुटेल. मुनीमजींनी चार वाजण्याच्या आत पैसे पाठवले. गाडी सुटली नाही, पैसे मात्र सुटले. मागाहून नीट पाहिले तेव्हा कळले की ईमेलच्या पत्त्यात एका अक्षराचा फरक होता.

त्याच साली डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, घरातली मुले टीव्हीवर ‘होम अलोन’ पाहत होती. हा १९९० चा अमेरिकन चित्रपट हिंदी आवाजात आपल्याकडेही पुष्कळ पाहिला गेला आहे. मी सहज शेजारी बसलो. पोरे हसत होती, मला मात्र हसू येईना, कारण आमच्या पेढीवर जे घडले तेच समोर चालले होते. पुढे मुलाने आणखी दोन चित्रपट दाखवले, तेही नाताळच्या रात्रीचेच. अमेरिकेत हे चित्रपट लोक दर नाताळात करमणूक म्हणून पुन्हा पुन्हा पाहतात. आपण ते व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. संगणक आणि मोबाईलवरच्या चोरीला हल्ली सायबर गुन्हा म्हणतात. नाव जड आहे, पण आतली गोष्ट जुनीच आहे.

वर्दीतला माणूस

‘होम अलोन’ची कथा अशी. शिकागोजवळ राहणारे एक मोठे कुटुंब नाताळच्या सुट्टीला पॅरिसला निघाले आहे. आदल्या रात्री घरात एकच गडबड. दाराशी एक पोलीस केव्हाचा उभा आहे, पण त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. अखेर घराचा मालक त्याच्याशी बोलतो. पोलीस अदबीने विचारतो की सणाच्या दिवसांत चोऱ्या फार होतात, तुम्ही काय बंदोबस्त केला आहे? मालक सांगून टाकतो की दिवे आपोआप लागण्याची सोय आहे, दारांना कुलपे आहेत. तो पोलीस खरा नसतो. तो हॅरी नावाचा चोर असतो आणि त्याला हवे ते सर्व घराच्या मालकानेच तोंडाने सांगितलेले असते.

आता आपल्याकडे पाहा. फोन येतो, मी बँकेतून बोलतो आहे, तुमचे केवायसी अपुरे आहे, खाते बंद होईल. किंवा व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसतो, मागे ठाण्यासारखी खोली असते, आणि तो म्हणतो की तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, तुम्हाला ‘डिजिटल अटक’ झाली आहे. आपल्या कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना ‘मन की बात’मधून हे देशाला सांगावे लागले. तरीही शिकलेसवरले लोक फसतात, कारण माणूस वर्दी पाहिली की प्रश्न विचारणे सोडतो. आपल्या बिरादरीतल्या कारागिराच्या मनात पोलिसांचे आणि कचेरीचे भय जरा जास्तच असते. तेच भय चोराचे भांडवल आहे.

त्या घरात एकाच माणसाच्या ध्यानात एक खूण राहिली. आठ वर्षांच्या केव्हिनने त्या पोलिसाचा सोन्याचा दात पाहिला होता. पुढे हॅरी साध्या कपड्यांत दिसला तेव्हा पोराने त्याला त्या दातावरून ओळखले. आमच्या ईमेलमधले ते एक बदललेले अक्षर म्हणजे तो सोन्याचा दात. तो दिसतो, पण पाहणाऱ्याला सवड हवी.

चोराला ठाऊक असलेला बंदोबस्त

दुसरी गोष्ट दिव्यांची. हॅरी आपल्या साथीदाराबरोबर गाडीत बसून कोणत्या घरातला दिवा केव्हा लागेल ते आधीच सांगतो, आणि दिवे तसेच लागतात. घरात माणसे आहेत असे भासवण्यासाठी जी युक्ती केली, तीच घर रिकामे असल्याची जाहिरात झाली. जो बंदोबस्त चोराला पाठ आहे तो बंदोबस्त नव्हे.

आपले पासवर्ड असेच असतात. दुकानाचे नाव आणि पुढे १२३, नाहीतर मुलाचे जन्मसाल, नाहीतर मोबाईल नंबर. आणि तोच एक पासवर्ड ईमेलला, जीएसटीला, बँकेला आणि टॅलीला. एका ठिकाणी तो फुटला की चोर त्याच किल्लीने बाकीची दारे उघडून पाहतो. आमच्या पेढीचा पासवर्ड तर टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर होता. चहा घेऊन येणाऱ्या पोऱ्यालाही तो पाठ होता.

चुकलेली मोजणी

मग चित्रपटातली सर्वांत मोठी चूक होते. रात्री वाऱ्याने वीज जाते, घड्याळाचा गजर वाजत नाही, सकाळी सर्वजण उशिरा उठतात आणि धावपळीत विमानतळाला निघतात. गाडीत बसण्याआधी मुलांची मोजणी होते. त्या मोजणीत शेजारचा एक मुलगा धरला जातो, आकडा बरोबर भरतो, आणि केव्हिन घरातच राहतो.

आपल्यापैकी किती जणांनी आपल्या पेढीची अशी मोजणी केली आहे? किती मोबाईलवर दुकानाचे व्हॉट्सॲप चालू आहे? बँकेचा ओटीपी कोणाच्या नंबरवर जातो? जीएसटीचा पासवर्ड आपल्याकडे आहे की फक्त कर सल्लागाराकडे? नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या हातात अजून काही आहे का? आमच्याकडे चोरी झाल्यावर मोजणी केली तेव्हा दोन वर्षांपूर्वी काम सोडलेल्या एका मुलाच्या मोबाईलवर पेढीचा ईमेल चालूच होता. त्याने काही केले नव्हते, मुलगा भला होता. पण मोजणीत चूक होती ती होतीच.

कोट आणि आवाज

या चित्रपटाचा दुसरा भाग १९९२ साली आला. त्यात विमानतळाच्या गर्दीत केव्हिन वडिलांच्या मागे धावतो. खरे म्हणजे तो वडिलांसारखाच कोट घातलेल्या एका परक्या माणसाच्या मागे धावत असतो. विमान सुटायला आले आहे, त्याच्या हातातला पास खाली पडतो, दारावरची बाई विचारते, तुझे वडील आत आहेत ना? तो त्या कोटाकडे बोट दाखवतो. घाईत तिलाही ते पुरते, आणि पोरगा भलत्याच विमानाने न्यूयॉर्कला पोहोचतो.

माणूस ओळखायच्या ऐवजी कोट ओळखणे, हीच आजची मोठी फसवणूक आहे. व्हॉट्सॲपवर दलालाचा फोटो दिसतो, नाव त्याचेच, नंबर मात्र नवा. आपण फोटोवर विश्वास ठेवतो. पेट्रोल पंपावर किंवा दुकानाच्या काउंटरवर क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला असतो. त्यावर रात्रीतून कोणी दुसरा कागद चिकटवला तर दिवसभराची विक्री दुसऱ्याच्या खात्यात जाते, आणि आपण गिऱ्हाईकाने दाखवलेला मोबाईलचा पडदा पाहून माल देतो.

न्यूयॉर्कला गेल्यावर केव्हिन आणखी एक करामत करतो. त्याच्याजवळ आवाज भरून घेण्याचे खेळण्यातले यंत्र असते. आपला आवाज त्यात भरून तो संथ केला की मोठ्या माणसासारखा ऐकू येतो. त्या आवाजाने तो वडील असल्याचे भासवतो आणि त्यांच्या क्रेडिट कार्डावर शहरातल्या बड्या हॉटेलात खोली राखून ठेवतो. त्या वेळी हा विनोद होता. आज मात्र माणसाच्या आवाजाचा छोटासा नमुना मिळाला की त्याच आवाजात हवे ते बोलून घेणारे तंत्र कोणालाही मिळते. तेव्हा दुबईहून भाचा फोनवर रडून पैसे मागतो आहे, म्हणून तो भाचाच आहे असे आता धरून चालता येत नाही. फोन ठेवा, आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करा, आणि त्याला घरातलीच एखादी गोष्ट विचारा.

सात कुलपांची तिजोरी

‘डाय हार्ड’ हा चित्रपट १९८८ चा. लॉस एंजेलिसमधल्या एका उंच इमारतीत नाताळच्या आदल्या रात्री कंपनीची मेजवानी चालू आहे. इमारत जवळजवळ रिकामी, वरच्या मजल्यावर लोक खाण्यापिण्यात दंग. याच रात्रीची निवड करून हान्स ग्रूबर नावाचा दरोडेखोर टोळीसह येतो. त्याला तिजोरीतले चौसष्ट कोटी डॉलरचे रोखे हवे आहेत. टोळी पहिल्यांदा तळमजल्यावरचा पहारेकरी मारते आणि त्याच्या जागी आपला माणूस बसवते. पुढे चौकशीला आलेला पोलीस त्या खोट्या पहारेकऱ्याशी बोलतो आणि सर्व ठीक आहे असे समजून परत निघतो. जिथे विचारायला जायचे, तिथेच चोर बसलेला.

हे आपल्याकडे असे होते की संशय आला तर माणूस त्याच ईमेलला उत्तर देऊन विचारतो, हे खाते तुमचेच ना? किंवा मेसेजमध्ये दिलेल्याच नंबरवर फोन करतो. उत्तर चोर देतो, आणि अगदी गोड देतो. इंटरनेटवर ‘ग्राहक सेवा’ म्हणून शोधून सापडलेले नंबरही पुष्कळदा चोरांनीच टाकलेले असतात. म्हणून विचारण्याचा रस्ता वेगळा हवा. नंबर आपल्या जुन्या वहीतला घ्यावा, पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्यावा.

तिजोरीला सात कुलपे आहेत. सहा कुलपे टोळी यंत्राने फोडते. सातवे वीजचुंबकाचे, ते इमारतीची वीज गेल्याशिवाय सुटणार नाही. ग्रूबर निश्चिंत असतो. त्याला ठाऊक असते की अशा प्रसंगी केंद्रीय पोलीस ठरल्या रिवाजाप्रमाणे इमारतीची वीज तोडतात. ते येतात, वीज तोडतात, आणि तिजोरीचे दार आपोआप उघडते. चोराने रक्षण करणाऱ्यांची रीतच वाचून ठेवली होती.

आपलीही रीत चोर वाचतात. कोणत्या तारखेला कोणाला पैसे जातात, कोण मंजुरी देतो, शेठ केव्हा नमाजला किंवा गावाला जातो, हे सर्व त्यांना पेढीच्या ईमेलमध्ये गुपचूप बसून कळते. आमच्या बिलाची रक्कम आणि काउंट बरोबर कसा, याचे उत्तर हेच होते. दोघांपैकी एकाचा ईमेल आधीच फुटलेला होता, आणि चोर ईदीच्या गर्दीची वाट पाहत होता.

या चित्रपटाचा नायक मॅक्लेन मात्र एके ठिकाणी शहाणपण दाखवतो. ग्रूबर अचानक त्याच्यासमोर येतो आणि घाबरलेल्या कर्मचाऱ्याचे सोंग घेतो. नाव विचारल्यावर भिंतीवरच्या पाटीवरचे एक नाव वाचून सांगतो. मॅक्लेन त्याच्या हातात पिस्तूल देतो, पण त्यात गोळ्या नसतात. याला म्हणतात पारख. नवीन पार्टी आली तर आधी थोडा माल, नवीन खाते आले तर आधी एक रुपया पाठवून समोरच्याला जुन्या नंबरवर विचारणे, मिळाला का? आपल्या बुजुर्गांची नव्या गिऱ्हाईकाला उधारी देण्याची हीच रीत होती.

अजून एक बारकावा. मॅक्लेनची बायको त्याच कंपनीत आहे, पण ती माहेरचे नाव लावते, म्हणून ती कोणाची बायको हे टोळीला ठाऊक नाही. टीव्हीचा एक बातमीदार घरी जाऊन तिच्या मुलांनाच कॅमेऱ्यासमोर उभे करतो आणि ग्रूबरला सर्व उमगते. आपण स्वतःच स्टेटसवर टाकतो की सर्वजण उमरासाठी निघालो, दुकान दहा दिवस बंद. खुशीची बातमी आहे, आप्तांना जरूर कळवावी. पण जगाला परत आल्यावर सांगितली तरी चालते.

खऱ्या चोऱ्याही सुट्टी पाहूनच

कोणी म्हणेल, या तर सिनेमाच्या गोष्टी. तेव्हा दोन खऱ्या घटना सांगतो.

पहिली बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेची. ४ फेब्रुवारी २०१६, गुरुवारची रात्र. चोरांनी ढाक्याच्या बँकेच्या संगणकातून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला पैसे पाठवण्याचे पस्तीस हुकूम सोडले, एकंदर सुमारे पंच्याण्णव कोटी डॉलरचे. दिवसांची निवड पाहा. शुक्रवार-शनिवार ढाक्यात सुट्टी. शनिवार-रविवार न्यूयॉर्कला सुट्टी. आणि पैसे जिथे जायचे त्या फिलिपिन्समध्ये सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. ढाक्यात ज्या प्रिंटरवर व्यवहारांची नोंद छापून निघायची तो बंद पडला होता. नोकरांना वाटले, यंत्र आहे, बिघडते. कळले तेव्हा आठ कोटी दहा लाख डॉलर फिलिपिन्सला पोहोचले होते. बाकीची मोठी रक्कम वाचली, त्यात एका हुकुमात ‘फाउंडेशन’ या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग चुकले होते आणि मधल्या बँकेतल्या कोणाला तरी ते खटकले, याचाही हात होता. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१८ साली सांगितल्याप्रमाणे चोरांनी बँकेत शिरण्यासाठी नोकरीच्या अर्जाच्या मिषाने ईमेल पाठवले होते. देशाच्या बँकेत चोर शिरला तो एका अर्जाला हात धरून, आणि त्याच्या आड एक चुकलेले अक्षर आले. आमच्या ईमेलमधले अक्षरही चुकलेलेच होते, पण ते पाहायला दुकानात कोणाला सवड नव्हती.

दुसरी घटना आपल्यासारख्या लहान धंदेवाल्याची आहे. अमेरिकेत टार्गेट नावाची मोठी दुकानांची साखळी आहे. २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, ऐन नाताळच्या खरेदीत, तिथून सुमारे चार कोटी गिऱ्हाइकांच्या कार्डांचे नंबर चोरीला गेले. चोर शिरले कुठून? त्या दुकानांच्या थंडाई यंत्रांचे काम करणाऱ्या एका लहान ठेकेदाराकडून. आधी त्याचा पासवर्ड चोरला, मग त्या किल्लीने मोठ्या घरात प्रवेश. धोक्याचे इशारे संगणकावर आले होते, त्यांकडे वेळेत लक्ष गेले नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावे लागले.

आपले लोक म्हणतात, आमच्याकडे चार माग आणि एक संगणक, आम्हाला कोण लुटणार? त्या ठेकेदारालाही असेच वाटले असेल. आपण मोठ्या मिलला माल देतो, निर्यातदाराचे जॉबवर्क करतो, त्यांच्याशी ईमेलने बोलतो. चोराला आपला गल्ला नको असेल, आपले दार हवे असेल. आणि एकदा आपल्या दारातून चोरी झाली की मोठी पार्टी आपल्याला पुन्हा काम देईल का, हा विचार करून पाहावा.

अंकल बिली आणि आमचे मुनीमजी

तिसरा चित्रपट जुना, १९४६ चा, काळापांढरा. नाव ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. एका लहान गावात जॉर्ज बेली हा भला माणूस घरबांधणीसाठी कर्ज देणारी, लोकांच्या ठेवींवर चालणारी छोटी पतसंस्था चालवतो. नाताळच्या आदल्या दिवशी त्याचा म्हातारा काका, अंकल बिली, आठ हजार डॉलर बँकेत भरायला जातो. तिथे गावचा लोभी सावकार पॉटर भेटतो. त्याला टोमणे मारण्याच्या नादात काका पैशांचे पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्याच हातात देऊन बसतो. पॉटर पाकीट पाहतो आणि गप्प राहतो. त्याच दिवशी हिशेब तपासनीस आलेला. जॉर्ज काकाला धरून गदागदा हलवतो, वेडा म्हातारा म्हणतो, तुरुंगाची भाषा करतो. काका बिचारा टेबलावर डोके ठेवून रडतो.

हा प्रसंग पाहताना मला बसवेना. आमचे मुनीमजी वीस वर्षे आमच्या गादीवर बसले आहेत. त्या दिवशी संध्याकाळी खऱ्या सूत-व्यापाऱ्याचा पैशांसाठी फोन आला तेव्हाच त्यांना कळून चुकले होते. त्यांनी मला सांगितले तिसऱ्या दिवशी. तोंड उतरलेले, हात थरथरत. म्हणाले, “सेठ, गलती हो गई.” मी विचारले, “उसी शाम क्यों नहीं बोले?” ते गप्प राहिले. उत्तर मला ठाऊक होते. दोन महिन्यांपूर्वी एका बिलात नऊशे रुपयांची चूक झाली म्हणून मी गिऱ्हाइकांसमोर त्यांना नको ते बोललो होतो. आम्ही त्याच तासाला १९३० या नंबरवर तक्रार नोंदवली. ज्या खात्यात पैसे गेले होते तिथे अठ्ठावीस हजार शिल्लक होते, तेवढे रोखले गेले. बाकीचे आधल्या दोन दिवसांत खात्याखात्यांतून फिरून निघून गेले होते.

तीन लाखांवर चोराने हात मारला हे खरे. पण ते दोन दिवस चोराला मी दिले. ही गोष्ट कबूल करायला मला वेळ लागला, आणि ती छापून सांगावी म्हणूनच हा लेख लिहिला आहे. चोरी झाल्यावर पहिले काही तास फार मोलाचे असतात. १९३० वर तक्रार नोंदली की बँकांना कळवले जाते आणि पैसे ज्या खात्यात असतील तिथेच थोपवण्याचा प्रयत्न होतो. उशीर झाला की थोपवायला काही उरत नाही. ज्या पेढीवर नोकर चूक सांगायला भितो, त्या पेढीवर कोणतेही कुलूप कामाचे नाही.

पेढीवर काय करावे

१. खाते नंबर बदलल्याचा कोणताही निरोप आला तर पैसे थांबवावेत. वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करून समोरच्याच्या तोंडून ऐकावे. गाडी एक दिवस उशिरा सुटली तर सुटू द्यावी.

२. आरटीजीएस किंवा एनईएफटी करण्याआधी खातेदाराचे नाव पाहावे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत ही सोय देण्यास सांगितले होते. २०२४ मध्ये मुनीमजींच्या हाती ती नव्हती, आज आपल्या हाती आहे. नाव जुळत नसेल तर पुढे जाऊ नये.

३. एक ठराविक रक्कम ठरवावी. त्यावरचे पेमेंट दोन माणसांनी पाहिल्याशिवाय जाऊ नये. शेठ स्वतः करत असला तरी हाच नियम.

४. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन फक्त पैसे देण्यासाठी लागतो. ओटीपी कोणालाही सांगू नये, बँकेलाही नाही. माल देण्याआधी गिऱ्हाइकाचा मोबाईल पाहू नये, आपल्या खात्यात जमा झाली की नाही ते पाहावे. दुकान उघडताना क्यूआर कोडचा कागद आपलाच आहे ना, तेही पाहावे.

५. ईमेल, बँक आणि जीएसटी, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आणि लांब असावा. व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हींत दुहेरी पडताळणीची सोय आहे, ती आजच चालू करावी. हे दुसरे कुलूप आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

६. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहतुकीचा दंड किंवा बँकेचे ॲप म्हणून फाईल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती उघडू नये. ती पत्रिका नसून मोबाईलमध्ये शिरणारा चोर असतो.

७. टॅलीचा हिशेब दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या विषाणूने जगभर लाखो संगणकांवरच्या फाइलींना कुलूप लावून खंडणी मागितली. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधीच दिली होती, ज्यांनी ती घेतली नाही ते सापडले. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. पेढीवर तोच संगणक असेल तर जाणकाराला दाखवावा. चोरीचे सॉफ्टवेअर घालून चार पैसे वाचवण्याचा मोह टाळावा.

८. वर्षातून दोनदा, रमजान आणि दिवाळीच्या हंगामाआधी, मोजणी करावी. कोणाकडे कोणता पासवर्ड, कोणत्या मोबाईलवर काय चालू, हे एका कागदावर उतरवावे आणि सोडून गेलेल्यांची नावे त्यातून काढावीत.

९. फसवणूक झालीच तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन करावा, आपल्या बँकेला कळवावे, आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. मेसेज, ईमेल, व्यवहाराचा नंबर, काहीही पुसू नये. हा नंबर गल्ल्याच्या वर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

शेवटी त्या जुन्या चित्रपटाचा शेवट सांगतो. जॉर्जवर आलेले संकट गावाला कळते. ज्यांना त्याने कधीकाळी मदत केली होती ते सर्वजण आपापल्या घरातली नाणी-नोटा घेऊन येतात आणि टेबलावर ढीग पडतो. पॉटरला शिक्षा होते का, तर नाही. पैसे परत मिळतात ते शेजाऱ्यांकडून.

आपल्या बाजारात नेमके उलटे होते. ज्याची फसवणूक होते तो लाजेने गप्प बसतो, आणि तोच चोर आठ दिवसांनी शेजारच्या गाळ्यात त्याच युक्तीने शिरतो. आमच्यानंतर त्याच बाजारातल्या एका व्यापाऱ्याला तसाच ईमेल आला. तोपर्यंत मी चार लोकांत आमची हकीकत सांगितली होती, म्हणून त्याने पैसे पाठवण्याआधी फोन केला आणि वाचला. त्याचे साडेपाच लाख होते. मुनीमजी आजही आमच्याच गादीवर आहेत. आता कुठलाही नवा खाते नंबर आला की ते चष्मा पुसतात, ईमेलचा पत्ता एकेक अक्षर वाचतात आणि मग मला हाक मारतात. मी कितीही कामात असलो तरी उठून जातो.